नॅशव्हिलमधल्या लेकीला

प्रिय लेकी,

जय भीम.

परवा फोनवर तू दोन गोष्टी बोललीस, त्या अजून डोक्यात घोळताहेत. एक, मोर्चाला मोजकीच माणसं आली, तासभर घोषणा झाल्या आणि सगळे आपापल्या घरी गेले. यातून काय होणार, आई? आणि दुसरी, मी इथं व्हिसावर आहे, देश त्यांचा, भांडण त्यांचं, मी कशाला मध्ये पडू? मी तेव्हा नुसतं "बघू" म्हणाले, कारण बाबा शेजारी बसले होते आणि तुझी काळजी करायला त्यांना एवढंसं निमित्त पुरतं. पण तुझे प्रश्न टाळण्यासारखे नाहीत. पत्र लांबेल, निवांत वाच.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. तुझा मोठा मामा तिकडे अमेरिकेत गेला, घर घेतलं, नागरिक झाला, हे आपण फार सहज धरून चालतो. शिकायला आपली माणसं पूर्वीही जात. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. पण कायमचं राहायचं म्हटलं की दार बंद. १९२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंद या माणसाला, जो पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता, तू गोरा नाहीस म्हणून नागरिकत्व मिळणार नाही असं सांगितलं. १९४६ नंतर दार किंचित किलकिलं झालं, म्हणजे किती, तर सगळ्या हिंदुस्थानातून वर्षाला १०० माणसं. ही कोट्याची पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर सही झाली ३ ऑक्टोबर १९६५ ला. त्याच्या आदल्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा झाला होता आणि दोनच महिने आधी, ६ ऑगस्टला, मतदान हक्काचा. देशात वर्णावरून भेद चालणार नाही असं एकदा म्हटल्यावर वेशीवर तोच भेद चालू ठेवणं त्या सरकारला जड जाऊ लागलं. म्हणजे अलाबामात आणि टेनेसीत ज्यांनी काठ्या खाल्ल्या, त्यांनी तुझ्या मामासाठीही दार उघडलं, मामाचं नाव गावही माहीत नसताना. तेव्हा भांडण त्यांचं, असं तू म्हणू नकोस. व्हिसाची भीती खरी आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिते. पण ती भीती वेगळी आणि हा परकेपणा वेगळा.

आणि तू तर राहतेस त्याच टेनेसीतल्या नॅशव्हिलला. नागपूरच्या पोरीनं दुसऱ्या कुठल्या गावाबद्दल असं म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं.

आपल्या सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज तुझ्या डोळ्यांसमोर आहे. १९५३ मध्ये तिथं जेम्स लॉसन नावाचा एक तरुण कृष्णवर्णीय अमेरिकन आला. मेथडिस्ट मिशनतर्फे आलेला, पोरांना खेळ शिकवायचा. त्याआधी कोरियाच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून वर्षभराहून जास्त तुरुंगात राहून आलेला होता. तो लहान असताना एका गोऱ्या पोरानं त्याला घाणेरडी शिवी दिली, यानं त्याच्या थोबाडीत दिली आणि घरी येऊन आईला सांगितलं. आई स्वयंपाक करत होती. तिनं मागे वळूनही न बघता विचारलं, त्यानं काय भलं झालं, जिमी? हा प्रश्न आपल्याला जन्मभर पुरला असं लॉसन म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. मला ती बाई फार जवळची वाटते. पोराला मारू नकोस असं तिनं म्हटलं नाही, सोसून घे असंही म्हटलं नाही. हिशेब मागितला.

लॉसन नागपूरला आले ते गांधींची पद्धत समजून घ्यायला. आपल्या वस्तीत गांधींबद्दल काय बोललं जातं ते तुला माहीत आहे, पुणे करार आपण विसरलेलो नाही आणि मी ते तुझ्यापासून झाकणारही नाही. पण सत्याग्रह ही एका माणसाची मालमत्ता नव्हे. बाबासाहेबांनी महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते दांडीच्या तीन वर्षं आधी. त्या दिवशी परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ले झाले, डोकी फुटली, आणि संख्येनं इतके असूनही बाबासाहेबांनी उलटा हात उचलू दिला नाही. मग तळ्याचा खटला दहा वर्षं चालला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल १९३७ मध्ये लागला. लॉसन ज्या साली नागपुरातून परत गेले, त्याच १९५६ मध्ये १४ ऑक्टोबरला इथं दीक्षाभूमीवर काय घडलं ते मी तुला सांगायला नको.

डिसेंबर १९५५ मध्ये लॉसन यांनी अलाबामातल्या मॉन्टगोमेरीच्या बस बहिष्काराची बातमी वाचली ती आपल्या नागपूर टाइम्समध्ये. रोझा पार्क्स यांचं नाव तुला शाळेत शिकवलं होतं, दमलेली बाई गोऱ्या माणसासाठी बसमधल्या सीटवरून उठली नाही, एवढंच. पण त्या बाई कित्येक वर्षं कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या तिथल्या संघटनेचं चिटणीसपद सांभाळत होत्या. आणि त्यांना अटक झाली त्या रात्री जो अॅन रॉबिन्सन या इंग्रजीच्या प्राध्यापिका आपल्या कॉलेजात गेल्या आणि रात्रभर सायक्लोस्टाइल मशीनवर हजारो पत्रकं काढत बसल्या. सकाळी गठ्ठे शहरभर गेले. बायकांच्या ज्या मंडळात त्या होत्या, त्यानं बहिष्काराचा विचार आधीपासून करून ठेवला होता. पुढे ३८१ दिवस लोक बसमध्ये चढले नाहीत, कारण कामावर पोचवायला गाड्या कोणाच्या, कुठून सुटायच्या, पेट्रोलचे पैसे कोण देणार, हे सगळं लावलेलं होतं.

परत गेल्यावर लॉसन यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी ओहायोतल्या ओबरलिन कॉलेजात गाठ पडली, फेब्रुवारी १९५७ मध्ये. शिक्षण संपवून दक्षिणेत येईन, असं लॉसन म्हणाले. किंगनी सांगितलं, थांबू नका, आत्ताच या. ते आले ते तुझ्या नॅशव्हिलला. व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि जवळच्या एका चर्चमध्ये पोरांचे वर्ग.

लेकी, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला विचारशील तर या वर्गांत आहे. १९५९ च्या पावसाळ्यानंतर, म्हणजे तुमच्या तिकडच्या पानगळीच्या दिवसांत, फिस्क, टेनेसी ए अँड आय, अमेरिकन बॅप्टिस्ट, मेहॅरी या कॉलेजांतली पोरं संध्याकाळी जमायची. डायन नॅश शिकागोहून आलेली, एकवीस वर्षांची. जॉन लुईस शेतकऱ्याचा मुलगा. बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हल. प्रश्न साधा होता: गावातल्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीय माणसाचे पैसे चालतात, वह्या घ्या, कपडे घ्या, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर बसून त्याला कॉफी मिळत नाही. आणि वर्गात काय चालायचं, तर तालीम. खुर्च्या ओळीनं मांडायच्या. काही जण त्यावर बसायचे. बाकीचे गुंड व्हायचे. मागून येऊन शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, थुंकायचं, केस ओढायचे, खुर्चीवरून खाली पाडायचं. बसलेल्यानं काय करायचं? डोकं आणि पोट कसं वाचवायचं, खाली पडल्यावर अंग कसं मुडपून घ्यायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर आपलं अंग मध्ये घालून तो मार कसा वाटून घ्यायचा, आणि मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं बघायचं. मग जागा बदलायच्या. जो शिव्या देत होता तो आता खाणार. डायन नॅशला सुरुवातीला हे पटलंच नव्हतं, यातून काय निष्पन्न होणार असं तिला वाटायचं. अगदी तुझ्यासारखं. ती येत राहिली, कारण नॅशव्हिलमध्ये दुसरं कोणी काही करतच नव्हतं.

नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये ती मंडळी दोन दुकानांत जाऊन नुसती चाचपणी करून आली. बसले, नकार मिळाला, व्यवस्थापकाला सभ्यपणे कारण विचारलं, उठून आले. घोषणा नाहीत, गर्दी नाही. त्या दिवशी कोणी बघितलं असतं तर तुझ्यासारखंच म्हणाला असता, यानं काय होणार.

मग १ फेब्रुवारी १९६० ला नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोमध्ये चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थ या दुकानाच्या काउंटरवर बसले आणि बातमी पसरली. नॅशव्हिलची पोरं तयार होती. १३ फेब्रुवारीला, भर बर्फात, चांगले कपडे घालून शंभरावर विद्यार्थी गेले. आधी दुकानात काहीतरी विकत घेतलं, पावती घेतली, मग काउंटरवर बसून पुस्तकं उघडली. आठवडे गेले. २७ फेब्रुवारीच्या शनिवारी पोलीस बाजूला झाले आणि गुंड आत शिरले. जळत्या सिगारेटी पाठीवर विझवल्या, पोरांना खुर्च्यांवरून ओढून तुडवलं. नंतर पोलीस आले आणि अटक केली ती मार खाणाऱ्यांना. पण पहिली तुकडी गाडीत भरली तर दुसरी तुकडी रिकाम्या खुर्च्यांवर येऊन बसली. ती नेली तर तिसरी. ऐंशीच्या आसपास अटका झाल्या त्या दिवशी. कोर्टानं दंड ठोठावला, तो बहुतेकांनी भरला नाही, तुरुंगात गेले. लॉसन यांना मार्चमध्ये व्हँडरबिल्टनं काढून टाकलं. (त्याच व्हँडरबिल्टनं अनेक वर्षांनी त्यांना शिकवायला बोलावलं आणि आता त्यांच्या नावानं संस्था चालवली जाते. हे चांगलंच झालं, पण काढलं तेव्हा विरोधात राजीनामे देणारे प्राध्यापक मला जास्त महत्त्वाचे वाटतात.)

त्या शनिवारी पोरांकडे एक कागद होता. लुईस आणि लाफायेट यांनी लिहिलेला. मारलं तरी उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्यानं हसू नका. दुकानाचं दार अडवू नका. म्होरक्यानं सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. ताठ बसा, तोंड कायम काउंटरकडे ठेवा. मी हे वाचलं तेव्हा मोठ्यानं हसू नका यापाशी थांबले. एवढा बारीक विचार कोणी केला असेल? भीतीनं माणसाला हसू फुटतं, आणि ते हसू समोरच्याला चेव आणतं, हे ज्यानं तालमीत बघितलं असेल त्यालाच सुचेल.

आता मी तुला जे खास सांगायचं म्हणून पत्र लिहायला बसले ते. काउंटर उघडले ते फक्त बसणाऱ्यांमुळे नाही. ईस्टरच्या आधी, जेव्हा घरोघरी नवे कपडे, नव्या टोप्या, बूट घेतले जातात, तेव्हा नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय घरांनी गावातल्या बाजारात खरेदी बंद केली. चर्चमधून निरोप गेले, बायकांनी एकमेकींना सांगितलं, आणि ऐन सणात दुकानांचे गल्ले बसले. या बायकांपैकी कितींची नावं तुला सापडतील? त्या मार खायला गेल्या नाहीत. घरात लहान पोरं होती, गोऱ्यांच्या घरी धुण्याभांड्याची कामं होती, ती गेली असती तर चूल पेटली नसती. त्यांनी पोरांना जुन्या कपड्यांत सणाला पाठवलं. जामिनाचे पैसे गोळा झाले, ते कोणीतरी मोजले. तुरुंगात जेवण पोचलं, ते कोणीतरी रांधलं.

मला हे कळतं कारण मी ते पाहिलं आहे. १९७९ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी लाँग मार्च दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघाला, कवाडे सर पुढे होते. मी तेव्हा कॉलेजात जाणारी. तुझ्या आजोबांनी मला जाऊ दिलं नाही. माझी माय मात्र आदल्या रात्री वस्तीतल्या बायकांबरोबर भाकरी थापत बसली. तीन दगडांच्या चुली अंगणात ओळीनं लावल्या होत्या. एक पीठ मळायची, एक थापायची, एक भाजायची, आणि म्हाताऱ्या भाकरी गार करून फडक्यात बांधायच्या, कारण गरम बांधली तर घाम सुटून दुसऱ्या दिवशी बुरशी येते. प्रत्येक फडक्यात भाकरी, तिळाची चटणी आणि कांदा. माझ्याकडे काम होतं याद्या लिहायचं: कोणत्या घरचं कोण चाललं, घरी मागे कोण आहे, कोणाला औषध लागतं. वाटेत अटका सुरू झाल्या तेव्हा ती यादी उपयोगी पडली. कोणाच्या घरी निरोप द्यायचा हे त्यावरूनच कळलं. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा होता आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या वर्षांत किती सभा मोजक्या माणसांच्या झाल्या असतील, विचार कर. त्या रिकाम्या खुर्च्यांच्या सभांमधूनच पुढच्या माणसांची ओळख झाली होती.

नॅशव्हिलमध्ये पुढे काय झालं ते थोडक्यात. १९ एप्रिलच्या पहाटे पोरांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर डायनामाइट फेकलं. घर उद्ध्वस्त झालं, नवराबायको वाचले. त्याच दिवशी हजारो माणसं, तीन-तीनच्या रांगेत, एक शब्द न बोलता चालत महापौरांच्या दारात गेली. तिथं डायन नॅशनं महापौर बेन वेस्ट यांना सगळ्यांसमोर विचारलं, केवळ वर्णावरून माणसात भेद करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? ते म्हणाले, हो. १० मेपासून सहा दुकानांत काउंटर खुले झाले. तेसुद्धा ठरवून: पहिले काही दिवस ठरलेल्या वेळी थोडी थोडी माणसं, नोकरांना आधी कल्पना दिलेली, आणि वर्तमानपत्रांना बातमी रंगवू नका अशी विनंती केलेली. पुढच्या वर्षी बसमधला वर्णभेद मोडायला कृष्णवर्णीय आणि गोरे एकत्र प्रवास करत होते, त्या फ्रीडम राइडची बस अलाबामात जाळली आणि सगळे म्हणाले आता थांबवा, तेव्हा याच नॅशव्हिलमधून नवी तुकडी निघाली. निघण्याच्या आदल्या रात्री काहींनी मृत्युपत्रं लिहून ठेवली. विशीतली पोरं.

आणि तू विचारशील की मिळालेलं टिकलं का. सगळं नाही टिकलं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं शेल्बी काउंटीच्या खटल्यात मतदान हक्काच्या कायद्याचा असा भाग काढून घेतला, की ज्या राज्यांचा पूर्वीचा कारभार वाईट होता त्यांना नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागायची, ती अट गळून पडली. जॉन लुईस तेव्हा संसदेत होते. ज्या कायद्यासाठी १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर त्यांचं डोकं फुटलं होतं तोच कायदा त्यांच्या डोळ्यांदेखत पोखरला गेला. मला याचा राग येतो, आणि तो यावा. पण नवंही मिळतं. सिएटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, तो ठराव आणणारी क्षमा सावंत ही पुण्यात जन्मलेली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी द्यू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंतांना पत्र लिहून, तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला त्याच्या प्रती पाठवा, असं म्हटलं होतं. आणि जोतिबांनी तर १८७३ मध्येच 'गुलामगिरी' हे आपलं पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्यांना. तेव्हा हे नातं तू जोडायचं नाहीस, ते आधीच आहे.

आता भीतीचं. अटक होईल अशा जागी तू जाऊ नकोस, असं मी स्पष्ट लिहिते. तिथल्या नागरिकाला अटक झाली तर रात्र तुरुंगात जाते, तुझं सगळं शिक्षण जाऊ शकतं. कुठल्या सभेला, मोर्चाला जाणं तुला चालतं आणि काय चालत नाही, हे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात आणि एखाद्या इमिग्रेशन वकिलाकडे आधी विचार, मैत्रिणींच्या सांगण्यावर जाऊ नकोस. वकिलाची फी मी पाठवते, त्याचा विचार करू नकोस. पण खरेदी बंद करणाऱ्या बायकांची गोष्ट मी तुला उगाच सांगितली नाही. तू स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या ज्या गटाबरोबर गेली होतीस, तिथं हिशेब कोण ठेवतं? नव्यानं येणाऱ्यांचे नंबर कोण लिहून घेतं? आजारी माणसाला दवाखान्यात नेताना भाषांतराला कोण जातं? तुला हिंदी येते, मराठी येते, सार्वजनिक आरोग्य तू शिकतेस. एक काम निवड आणि ते वर्षभर सोडू नकोस. पुढच्या मोर्चाला पुन्हा मोजकीच माणसं आली तर त्यांची नावं लिहून घे.

शनिवारी वेळ मिळाला तर गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयात जा. तिथं सिव्हिल राइट्स रूम आहे, त्या काळच्या काउंटरसारखा गोल काउंटर आहे आणि त्यावर तेच नियम कोरलेले आहेत. बसून वाच, आणि वर्गातल्या कोणाला तरी बरोबर ने, एकटी जाऊ नकोस.

लॉसन जून २०२४ मध्ये गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. हिस्लॉपसमोरून जाताना आता मला त्यांची आठवण होते.

बाबांची शुगर आटोक्यात आहे, तुझ्या मावशीनं पाठवलेलं तिखट पुढच्या पार्सलात टाकते. रविवारी फोन कर, पण वकिलाकडे जाऊन आल्यावर.

तुझी
आई